शिक्क्यावरचं ‘एम.पी.’ म्हणजे मिलिटरी पोलीस नव्हे

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. आत्याच्या ट्रंकेत आजोबांचा फोटो सापडला. अंगावर युनिफॉर्म, खांद्यावर दोन-दोन तारे, डोक्यावर तिरकी टोपी, छातीवर चार मेडल. फोटो चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात नागपूरच्या स्टुडिओचा शिक्का आणि त्याच्या शेवटी ‘एम.पी.’. घरात सांगतात की आजोबा इंग्रजांच्या फौजेत सुभेदार होते आणि बर्माला लढले. ‘एम.पी.’वरून तुम्ही ताडलंत की ते मिलिटरी पोलिसांत असावेत. आता पलटणीचं नाव हवंय. सोबत मोबाइलवरच्या ॲपने रंगवलेली प्रतही पाठवलीत.

पलटणीचं नाव मी आज सांगणार नाही. सांगता येणारच नाही असं नाही, पण तो प्रश्न शेवटचा आहे आणि सगळे जण तोच आधी विचारतात. नागपुरात सदर भागात माझ्या वडिलांचा स्टुडिओ होता. तिथेच मी जुने फोटो दुरुस्त करायला शिकलो आणि तीसेक वर्षं तेच करतोय. कामठीची छावणी जवळ, त्यामुळे युनिफॉर्ममधली माणसं आमच्याकडे पहिल्यापासून आली. त्यातून मला लागलेली सवय अशी: आधी फोटो कधीचा ते ठरवायचं, मग माणूस फौजेतलाच आहे का ते, आणि बिल्ल्याकडे सगळ्यात शेवटी वळायचं. बिल्ला आधी बघितला की घरातल्या गोष्टीला जुळणारा बिल्ला डोळ्यांना हटकून दिसतो. मला दिसलाय, म्हणून सांगतो.

आता ‘एम.पी.’. नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं हे आजच्या पिढीच्या लक्षात राहत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. २६ जानेवारी १९५०ला ‘सी.पी. अँड बेरार’चं, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाडचं, नाव मध्य प्रदेश झालं. राजधानी नागपूरच राहिली, थेट १९५६च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात आला. दुकान हललं नाही, मालक बदलला नाही, पण दहा वर्षांत पत्त्याच्या शेवटची अक्षरं तीनदा बदलली. आमच्या धंद्यात याइतकी सोयीची गोष्ट दुसरी नाही. शिक्क्यावर ‘सी.पी.’ असेल तर एक काळ, ‘एम.पी.’ असेल तर दुसरा. पिनकोड छापला असेल तर फोटो १९७२च्या आधीचा नाहीच, कारण पिनकोड आला त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला.

तुमच्या शिक्क्यातलं ‘एम.पी.’ हे मध्य प्रदेश आहे. स्टुडिओवाला आपल्या शिक्क्यात गिऱ्हाइकाचं खातं कशाला घालेल?

पण हा पुरावा एका बाजूनेच घट्ट आहे. छापील पुठ्ठे ठोक घेतले जायचे आणि जुना साठा संपेपर्यंत वापरला जायचा. ‘सी.पी.’ छापलेला पुठ्ठा १९५२ सालच्या फोटोलाही लागलेला मी पाहिलाय. उलटं मात्र होत नाही. ‘एम.पी.’ छापलेला पुठ्ठा १९५०च्या आधी कुणाच्या दुकानात असणं शक्य नाही. तेव्हा तुमचा पुठ्ठा १९५० किंवा त्यानंतरचा, हे पक्कं. वरची मर्यादा सैल आहे, १९५७-५८पर्यंत ओढता येईल.

आणखी एक अडचण आहे. शिक्का प्रिंटचं वय सांगतो, फोटो काढल्याचा दिवस सांगत नाही. जुना फोटो आणून ‘याची कॉपी करून द्या’ म्हणणारी गिऱ्हाइकं तेव्हाही होती. कॉपी ओळखायची खूण म्हणजे सावल्या सपाट होतात, काळा रंग करडा दिसतो आणि बऱ्याचदा मूळ फोटोची कड किंवा घडी प्रतीत उतरते. तुमच्या फोटोत बाह्यांच्या चुण्या कडक दिसतायत, त्यामुळे मला हा मूळ प्रिंट वाटतो. हे मोबाइलच्या फोटोवरून सांगतोय, तेवढी सूट द्या.

म्हणून दुसरा साक्षीदार हवा, आणि तो तुमच्या आजोबांच्या खांद्यावरच आहे. इंग्रजी राजवटीत खांद्यावरचा तारा चौकोनी घाटाचा, चार टोकांचा असायचा. प्रजासत्ताक झाल्यावर तो पाच टोकांचा झाला आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. उजव्या खांद्यावरच्या पुढच्या ताऱ्याचं वरचं टोक एकटं आहे आणि खाली दोन पाय फाकलेले दिसतात. माझ्या मते तो पाच टोकांचाच आहे. शिक्का आणि तारा हे दोघं एकमेकांना न भेटता एकच गोष्ट सांगतायत: फोटो १९५०नंतरचा.

इथे एक गैरसमज जाता जाता काढून टाकतो, कारण तो दर दोन महिन्यांनी समोर येतो. ‘बिल्ल्यावर मुकुट आहे, म्हणजे फोटो इंग्रजांच्या काळातला.’ असं नाही. १५ ऑगस्ट १९४७ला झेंडा बदलला, पण मुकुट २६ जानेवारी १९५०पर्यंत राहिला. १९४७-४८ला काश्मीरमध्ये लढलेल्या आपल्या माणसांच्या बिल्ल्यांवरही मुकुट होता.

तर घरातल्या गोष्टीचं काय? फोटोतले दोन तारे १९५०नंतरचे असतील तर ‘बर्माला लढले’ आणि ‘सुभेदार होते’ ही दोन वाक्यं एकाच वेळची नाहीत. बर्माची लढाई १९४२ ते १९४५ची. तेव्हा आजोबा शिपाई, नाईक, फार तर हवालदार असतील आणि वर नंतर चढले असतील. घरातली माणसं खोटं बोलत नाहीत, ती दोन फोटो एकावर एक ठेवतात. चाळीस वर्षांच्या नोकरीतला सगळ्यात मोठा हुद्दा आणि सगळ्यात मोठी लढाई यांची आठवणीत गाठ पडतेच. आपल्याकडे तर ‘बर्मा’ हा शब्दच दुसऱ्या महायुद्धासाठी वापरतात. इटलीत राहून आलेल्या माणसालाही गावात ‘बर्मावाले’ म्हणायचे.

आता दुसरा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाही: आजोबा फोटोत फौजेतच आहेत का?

दोन तारे म्हणजे लेफ्टनंट, सुभेदार किंवा पोलीस सब-इन्स्पेक्टर. फोटोतला चेहरा चाळिशीचा वाटतो, त्या वयाचा लेफ्टनंट सहसा नसतो. राहिले सुभेदार आणि फौजदार. ताऱ्यांखाली, खांदापट्टीच्या टोकाशी, आडवी रंगीत पट्टी असते. सैन्यातल्या सुभेदाराची लाल-पिवळी, पोलिसांची लाल-निळी. काळ्या-पांढऱ्या फोटोत हे दोन्ही रंग कसे दिसतील याबद्दल पुढे सांगतो, कारण तिथे मोठा खड्डा आहे. त्याच टोकाला पितळी अक्षरंही असतात, खात्याची किंवा पलटणीची. टोपीवरच्या बिल्ल्यापेक्षा ती अक्षरं मला जास्त उपयोगी पडतात. बिल्ला चमकून पांढरा पडतो, अक्षरं तिरप्या प्रकाशात का होईना, वाचता येतात.

‘पण मेडल आहेत ना?’ हो. युद्धावरून सुटून आलेली बरीच माणसं पुढे पोलिसांत, होमगार्डमध्ये, सुरक्षा दलात लागली आणि जुनी मेडल तिथल्या युनिफॉर्मवरही अभिमानाने लावत राहिली. मेडलवरून माणूस कधीकाळी फौजेत होता एवढं कळतं. फोटोच्या दिवशी तो कुठे नोकरीला होता, हे त्यावरून कळत नाही.

नागपुरात तर फसायला जागाच जागा. रेल्वेचे बीएनआर (बंगाल-नागपूर) आणि जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) असे दोन मोठे कारभार इथे भिडायचे. गार्डाचा पितळी बटणांचा कोट बघून ‘आमचे पणजोबा कॅप्टन’ म्हणणारी दोन घरं मला माहीत आहेत. जंगलखात्याचे लोकही खाकीत. कचेरीतल्या चपराशाच्या पट्ट्यावर पितळी चकती असायची, तिलाच चपरास म्हणायचे, शब्द तिथूनच आला. ती चकतीही फोटोत फौजी बिल्ल्यासारखी दिसते. तिसाच्या दशकातला खाकी सदरा आणि खाकी अर्धी चड्डी दिसली की मी आधी विचारतो, आजोबा शाखेत जायचे का? संघ इथलाच, १९२५चा, आणि त्यांचा सदराही १९४०च्या आसपासपर्यंत खाकीच होता. समता सैनिक दल, सेवा दल, शाळेतले स्काउट, लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला, सगळे युनिफॉर्ममध्येच. आणि आमचा बाप! त्यांच्या स्टुडिओत खुंटीला एक कोट कायम टांगलेला असायचा, सोनेरी बटणांचा, कुठल्या पलटणीचा ते देवालाच ठाऊक. ज्याला हौस असेल त्याने घालायचा. त्या कोटातले किती आजोबा आज विदर्भातल्या भिंतींवर मेजर म्हणून मिरवत असतील, कोण जाणे.

तुमचा फोटो यातला नाही. कोट खांद्यात नीट बसलाय, पट्टा वापरून वापरून वाकलेला आहे. उसना कोट मानेपाशी लगेच कळतो.

मेडलकडे येतो. आधी ते रंगीत चित्र बाजूला ठेवा. शक्य असेल तर पुसूनच टाका, नाहीतर दहा वर्षांनी घरात तेच ‘मूळ’ म्हणून ओळखलं जाईल. ॲपला रंग माहीत नसतो, ते अंदाजाने भरतं. ‘स्पष्ट करा’चं बटण त्याहून वाईट. ते बिल्ल्यावर नसलेली नक्षी काढतं आणि चेहराही कुणा भलत्याच माणसाचा करून टाकतं.

काळ्या-पांढऱ्या फोटोतही रंग वाचता येतात, पण कुठल्या फिल्मवर काढलाय ते आधी बघावं लागतं. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला आंधळी असते. लाल जवळजवळ काळा उतरतो आणि निळा फिका, पांढुरका. ही फिल्म लाल दिव्यात धुता येते, म्हणून सगळे रंग पकडणारी फिल्म आल्यावरही बरेच स्टुडिओवाले हीच वापरत राहिले. वडिलांच्या डार्करूममधला लाल दिवा मला अजून आठवतो. म्हणून फोटोत जी पट्टी काळी दिसते ती ‘नेव्ही ब्लू असणार’ असं धरून चालू नका, ती लाल असू शकते. खांदापट्टीवरच्या लाल-पिवळ्या आणि लाल-निळ्याचा घोळ इथेच होतो. फिल्म कुठली ते ओळखायला मी ओठ बघतो. ओठ काळपट आणि चेहऱ्यावरचे डाग गडद असतील तर बहुधा ऑर्थो. तुमच्या आजोबांचे ओठ काळपट आहेत.

तुमच्या चार मेडलांपैकी दोन गोल आणि दोन सहा टोकांची आहेत. ही सहा टोकांची म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचे स्टार. सगळ्यांचा आकार सारखाच, फरक मधल्या वर्तुळातल्या नावात आणि रिबनमध्ये. दोन शेजारी असतील तर फोटोत डावीकडचा बहुधा १९३९-४५ स्टार असतो आणि त्याच्या उजवीकडचा मोहिमेचा. आपल्याला तो दुसरा हवाय. त्याची रिबन फिकट आणि मधोमध रुंद गडद पट्टा असेल तर आफ्रिका. दोन स्वच्छ पांढरे पट्टे दिसले तर इटली. मधोमध रुंद लाल, दोन्हीकडे निळा आणि त्या निळ्याच्या पोटात बारीक नारिंगी रेघ असेल तर बर्मा. ऑर्थो फिल्मवर ही बर्माची रिबन मधे काळी, बाजूंना फिकी आणि त्या फिक्यात गडद रेघ अशी दिसेल. म्हणजे डोळ्यांच्या अपेक्षेच्या बरोबर उलट. मोबाइलच्या फोटोत मला एवढंच कळतं की रिबनचा मधला भाग गडद आहे. यात आफ्रिकाही बसते आणि बर्माही. आज याहून पुढे गेलो तर तो तुक्का ठरेल.

गोल मेडलांपैकी एकाच्या रिबनवर गडद, पांढरा, मध्यम असे तीन सारखे रुंद उभे पट्टे मला दिसल्यासारखे वाटतात. तसं असेल तर ते १९४७चं स्वातंत्र्य मेडल: केशरी, पांढरा, हिरवा. मग ऑगस्ट १९४७मध्ये आजोबा सैन्यात होते, असा एक भक्कम खुंटा मिळतो.

एका गोष्टीची खात्री मी आता न चुकता करून घेतो. पंधरा वर्षांपूर्वी एका घराने फोटो आणला, त्यात मेडल उजव्या छातीवर. वारसाने वडिलांची मेडल लावायची झाली तर उजवीकडे लावतात, हे मला माहीत होतं. मोठ्या ऐटीत सांगून टाकलं, ‘मेडल याची नाहीत, याच्या वडिलांची आहेत.’ ते लोक बिचारे दोन वर्षं पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं रेकॉर्ड शोधत फिरले. नंतर तोच फोटो फ्रेमसाठी पुन्हा आला तेव्हा कोटाची बटणं दिसली. पुरुषी कोटात डावी बाजू उजवीवर येते, इथे उलट होती. निगेटिव्ह उलटी ठेवून प्रिंट काढला गेला होता. मेडल त्याचीच, डाव्या छातीवरचीच. फ्रेमचे पैसे घेतले नाहीत, पण त्यांची दोन वर्षं काही परत करता आली नाहीत. तुमच्या फोटोची बटणं बरोबर बाजूला आहेत, पाहून घेतलंय.

पलटणीबद्दल आज बोलता येईल ते एवढंच. इंग्रजांची भरती जात-जमात बघून व्हायची, म्हणून त्या काळासाठी घराण्याचा समाज ही एक खूण ठरते. मला विचारायला बरं वाटत नाही, पण ते टाळलं तर शोध लांबतो. उदाहरण देतो. महारांची भरती १८९०च्या दशकात बंद झाली. पहिल्या महायुद्धात, १९१७ला, १११वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ला मोडली. मग १९४१ला बेळगावला महार रेजिमेंट सुरू झाली, तिची दुसरी बटालियन १९४२ला आपल्या कामठीत उभी राहिली. म्हणजे त्या समाजातल्या घरात कुणी ‘पणजोबा १९३०मध्ये महार पलटणीत होते’ म्हटलं तर साल किंवा पलटण यातलं एक चुकतंय. बिल्लाही काळ सांगतो. सुरुवातीला त्यावर कोरेगावचा स्तंभ होता, पुढे १९४६ला मशीनगन रेजिमेंट झाल्यावर फुलीसारख्या दोन व्हिकर्स गन आल्या. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यात बिगुल असतं, अस्पष्ट फोटोतही त्याचा वळलेला आकार कळतो.

पण मराठी माणूस म्हणजे मराठा नाहीतर महार रेजिमेंट, असं धरून बसू नका. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्य २५ लाखांवर गेलं. त्यात मोठा भाग रसद, पायोनियर, सिग्नल, ऑर्डनन्स, वैद्यकीय अशा खात्यांचा होता. शिकलेली, शहराजवळची मुलं तिकडे जास्त गेली. गाडी चालवून, टेलिफोनच्या तारा टाकून, जखमी उचलून बर्मा काढलेला माणूस घरात ‘लढले’ म्हणूनच ओळखला जातो, आणि तसं म्हणणं रास्तच आहे.

आता तुम्ही करायचं काय. फोटो पुठ्ठ्यावरून सोडवू नका. फ्लॅटबेड स्कॅनरवर १२०० डीपीआयला स्कॅन करा आणि फाइल व्हॉट्सॲपवर साधी पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. खांदापट्टी, दुसरा स्टार आणि टोपीचा बिल्ला यांचे तुकडे वेगळे काढून द्या. पुठ्ठ्याच्या मागे बॅटरी अगदी आडवी धरून बघा, पेन्सिलीने लिहिलेलं पुसलं तरी दाब राहतो.

ट्रंकेत मेडल प्रत्यक्ष असतील तर फोटो थोडा वेळ विसरा. मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटणीची आद्याक्षरं कोरलेली असतात. दुसऱ्या महायुद्धाची मेडल इंग्लंडमध्ये कोरी वाटली गेली, आपल्याकडच्या फौजेला दिलेल्यांवर मात्र नाव असतं. स्टारवर ते मागच्या बाजूला सापडतं. एवढी एक ओळ मिळाली तर वर मी लिहिलेलं सगळं बाजूला ठेवलं तरी चालेल. फक्त चिंच किंवा ब्रासो लावून घासू नका. दिवाळीला देवाच्या भांड्यांबरोबर मेडल घासून गुळगुळीत केलेली तीन घरं मी पाहिलीत.

नंबर मिळाला की त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहिता येतं. नंबराशिवाय तिथे हात हलवत परत यावं लागतं. पेन्शनचं पुस्तक किंवा डिस्चार्जचा कागद असेल तर तोही चालेल. काहीच नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आजीच्या नावाने विचारा, कारण माजी सैनिकाच्या पत्नीची नोंद तिथे असू शकते.

आणि आत्याशी बोलताना ‘आजोबा कुठल्या रेजिमेंटमध्ये होते’ असं विचारू नका, त्या घरातली ठरलेली गोष्टच पुन्हा सांगतील. सुटी संपली की आजोबा काय म्हणून निघायचे, ते विचारा. ‘पलटणीत चाललो’ की ‘सेंटरला’, ‘ठाण्यावर’ की ‘लाइनीत’. तो शब्द मला कळवा, स्कॅन आला नाही तरी चालेल.